दर्या लिहिलं तर अर्धा मार्क कट

परवाच्या शनिवारी गावी गेलो होतो. गाव म्हणजे घिवली. बोईसरला उतरायचं, रिक्षा पकडायची, की तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या बाजूला, समुद्राला टेकलेलं आमचं गाव येतं. (ऑफिसात कोणी "गाव कुठे?" विचारलं की मी "अणुभट्टीच्या शेजारी" असं सांगतो. पुढचे प्रश्न आपोआप बंद होतात.)

ओटीवर चुलतभावाची मुलगी समानार्थी शब्द पाठ करत बसली होती. इयत्ता चौथी, बुधवारी चाचणी. समुद्र – सागर, सिंधू, रत्नाकर, अर्णव. मासा – मीन, मत्स्य. होडी – नाव, नौका. मागच्या चाचणीचा पेपरही तिने दाखवला. समुद्रापुढे तिने "दर्या" लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली. अर्धा मार्क गेलेला. मार्काचं तिला फार काही वाटलं नव्हतं, प्रश्न वेगळाच होता.

"काका, आजी चुकीचं बोलते का?"

आता आली का पंचाईत! कारण आमच्या घरात समुद्राला कोणीही कधीही सागर म्हटलेलं नाही. रत्नाकर हे तर शेजारच्या एका काकांचं नाव आहे.

मग बसलो शोधत, ही यादी मुळात आली कुठून. तिच्या वहीतले सागर, सिंधू, रत्नाकर, अर्णव, मीन, मत्स्य हे सगळेच्या सगळे अमरकोशात आहेत. अमरसिंहाने साधारण दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेला हा संस्कृत शब्दकोश. पण आपल्यासारखा अकारविल्हे नाही, तर पद्यात आणि विषयवार. तीन कांडं, सुमारे १५०० श्लोक. स्वर्ग, दिशा, काळ, पाणी, गावं, झाडं, प्राणी असे वर्ग. पाठशाळेतली मुलं अर्थ कळायच्या आधीच तो घोकून टाकायची. म्हणजे ओटीवरचा हा कार्यक्रम तसा फार जुना आहे, वही तेवढी नवीन.

त्यात समुद्राला १५ नावं आहेत. एका वस्तूला १५ नावं कशाला लागतात? व्यवहारात लागतच नाहीत. लागतात ती कविता करणाऱ्याला. वृत्तात दोन अक्षरांची जागा उरली तर सिंधू, तीनची उरली तर अर्णव, चारची असेल तर रत्नाकर. आज आपण तयार लायब्ररी इम्पोर्ट करतो, तसा पंडित लोकांचा अमरकोश.

आणि यातले बरेचसे शब्द पाठ करायची गरजच नाही, हे मला शाळेत कोणीही सांगितलं नाही! पाण्याचे शब्द घ्या: जल, अंबु, नीर, वारि, तोय. पुढे "ज" (जन्मलेला) लावा की कमळ: जलज, अंबुज, नीरज, वारिज. "द" (देणारा) लावला की ढग: जलद, अंबुद, नीरद, वारिद. "धी" (साठवणारा) लावला की समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी, तोयधी. दोन लूप एकात एक टाकले की अख्खं पान तयार. पोरीला हे दाखवलं तर अर्ध्या तासात तिने तीन पानं भरली, वर "मग पावसाला काय लावायचं?" म्हणून मलाच अडकवलं.

पीटर मार्क रोजे याचा १८५२ चा इंग्रजी थिसॉरस आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जीआरईच्या वेळी चाळला असेल. त्याच्या प्रस्तावनेत रोजे सांगतो की विषयवार मांडणीचा आपल्या माहितीतला सर्वात जुना प्रयत्न म्हणजे अमरकोश. कोलब्रुकने केलेली त्याची इंग्रजी आवृत्ती १८०८ मध्ये श्रीरामपूरला (बंगालातलं, आपलं नगरचं नव्हे) छापली होती.

तर यादीचं मूळ सापडलं. आता दर्या.

दर्या फारसी. म्हणून फुली मारली असेल तर मग नाखवा आणि बंदर यांच्यावरही मारायला हवी, तेही फारसीच. खलाशी अरबी. शेकडो वर्षं अरबी समुद्रात जी गलबतं फिरली त्यांची ही भाषा, किनाऱ्यावर उतरली आणि इथलीच झाली. नाखवा म्हणजे नाखुदा, त्यातला "ना" म्हणजे नाव, होडी. संस्कृत "नौ" आणि हा "ना" सख्खे भाऊ. आणखी गंमत म्हणजे सिंधू या शब्दाचा अर्थ समुद्रही होतो आणि नदीही. दर्याचंही तसंच, आमू दर्या आणि सिर दर्या या नद्याच आहेत.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला. चौदाशेच्या आसपास फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, आणि घाट थेट अमरकोशाचा. पेशव्याचा पंतप्रधान झाला, सुरनीसाचा सचिव. त्याच महाराजांच्या आरमारातल्या एका प्रमुखाचा किताब होता दर्यासारंग! मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही दर्या आहे. मग चौथीच्या पेपरातच तो का नसावा?

आमची आजी शेजारी सुकट निवडत हे सगळं ऐकत होती. तिला विचारलं, "आजी, मासा म्हणजे दुसरं काय गं?" तर ती म्हणे, "कुठला मासा?"

बरोबरच आहे. तिच्याकडे घोळ आहे, दाढा आहे, रावस, शिंगाळा, मांदेली, वाम, बोंबील. कोळंबी सोलून वाळवली की सोडे. भरतीसुद्धा नुसती भरती नसते, उधाणाची वेगळी आणि भांगाची वेगळी. जाळं कधी टाकायचं ते त्यावर ठरतं. शाळेत एका वस्तूचे चार शब्द, आजीकडे चार वस्तूंचे चार शब्द. तिच्या शब्दांची चाचणी होत नाही, म्हणून तिच्या शब्दांना मार्क नाहीत, इतकंच. खरे समानार्थी शब्द तिच्याकडेही आहेत. २०२३ मध्ये आपल्या राज्याने ज्याला राज्यमासा केलं ते पापलेट, त्याला सरंगाही म्हणतात. घ्या, पापलेट – सरंगा.

अमरसिंहाने मात्र त्याच पाण्याच्या वर्गात होड्या आणि माशांबरोबर आम्हालाही जागा दिली आहे: कैवर्त, दाश, धीवर. हे तिला सांगितल्यावर "धीवर म्हणजे आपण?" असं तिने दोनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

रविवारी निघताना तिचा शेवटचा प्रश्न. "बुधवारी समुद्र आला तर काय लिहू?"

आजीकडे न बघता मी म्हटलं, "सागर लिही."

"आणि दर्या चुकीचा नाही ना?"

"नाही."

"मग?"

रिक्षा आली होती.