अनसूयेची पाऊलवाट

माहूरला मी पहिल्यांदा गेलो ते १९७४ साली. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. नांदेडहून किनवटपर्यंत मीटरगेजची रेल्वे, पुढं एसटी आणि माहूर गावातून वर पायी. पहिल्या दिवशी रेणुका. दुसऱ्या दिवशी पहाटे सागाच्या रानातून दत्तशिखर आणि तिथून अनसूया. तिन्ही डोंगर पायी केले तरच माहूर झालं, नाहीतर नुसतं दर्शन, असा आमच्या घरचा हिशेब.

दत्तशिखराकडून अनसूयेकडे जाणारी वाट मला अजून पायांनी आठवते. सागाचं वाळलेलं पान पायाखाली पापडासारखं मोडायचं. एका वळणावर लोकांनी दगडावर दगड रचून ठेवलेले असायचे. घर मागायचं असेल तर तिथं दगड रचायचा. आईनं तीन रचले आणि मला म्हणाली, "तू बी एक ठेव, लेकरा." आम्ही तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी ठेवलेला दगड लगेच घसरला. आईनं काही न बोलता तो पुन्हा बसवला.

तसं पाहिलं तर माहूरची सगळी गोष्टच चालण्याची आहे. परशुराम खांद्यावर कावड घेऊन इथं आला. एका पारड्यात वडील जमदग्नींचा देह, दुसऱ्यात आई रेणुका. अंत्यविधी दत्तात्रेयांनी सांगितला आणि रेणुका सती गेली. पुढं आईसाठी व्याकूळ झालेल्या परशुरामानं वेळेआधी मागं वळून पाहिलं, म्हणून जमिनीतून तिचं मुखच तेवढं वर आलं. गडावर आपण पूजतो तो हाच शेंदरी तांदळा. महानुभावांची कथाही याच डोंगरांतली. मेरुवाळा तळ्यावर स्नान करून चढणीला लागलेल्या श्रीचक्रपाणींना वाटेत श्रीदत्तात्रेय भेटले ते वाघाच्या रूपात, आणि त्यांनी पंजा मस्तकावर ठेवला. चढणीची वाट नसती तर वाघ भेटला कुठं असता?

इतिहासातली माणसंही इथलीच. मोगलांच्या बाजूनं लढणारी, 'रायबागन' हा किताब मिळवलेली माहूरची सावित्रीबाई देशमुख १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानासोबत उंबरखिंडीत होती. शिवाजी महाराजांनी खिंड बंद केल्यावर शरण जाण्याचा सल्ला तिनंच खानाला दिला. मला त्यात नवल वाटत नाही. घाट दोन्ही बाजूंनी अडला म्हणजे काय होतं, हे माहूरच्या बाईला वेगळं कशाला सांगायला हवं!

पैनगंगा ओलांडली की पूर्वी राज्यच बदलायचं. पलीकडं इंग्रजांच्या अमलातला वऱ्हाड, अलीकडं निजामाचा मुलूख. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. देवीला मात्र दोन्ही तीरांवरची माणसं यायची. साताऱ्याकडचे विष्णुदास कवी (१८४४–१९१७) इथं आले आणि इथलेच झाले.

मग डांबरी रस्ता शिखरापर्यंत आला आणि लोक गाडीनं वर जाऊ लागले. मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. वाटेवरचा लिंबू-पाणीवाला म्हातारा दिसेनासा झाला. नवरात्रात सीताफळांच्या टोपल्या घेऊन पायवाटेवर बसणाऱ्या बाया वाहनतळावर आल्या. चालताना अनोळखी माणसं एकमेकांना हात द्यायची. गाडीत जो तो आपापल्या काचेआड.

पण २००९ साली आई शहात्तर वर्षांची होती, दोन्ही गुडघे गेलेले. अकरा वर्षं तिनं अनसूया पाहिली नव्हती. जीपनं नेलं. शेवटच्या पायऱ्या मी आणि भाच्यानं मिळून चढवल्या. उतरताना मी उगाच म्हणालो, "चालत आल्यासारखं नाही वाटलं." ती म्हणाली, "गाडीनं आले तं काय झालं? देवी काय पाय मोजते का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता रेणुकेसाठी लिफ्ट आणि स्कायवॉकची योजना आहे. पायऱ्या दोन-अडीचशेच, पण त्या कोणासाठी किती असतात ते आईमुळं मला कळलं. साठी ओलांडलेल्या माझ्या उजव्या गुडघ्याचंही त्याबाबत स्वतःचं मत आहे. लिफ्टला माझा विरोध नाही. मला पायऱ्यांवर थांबत थांबत वर जायला आवडतं, खलबत्त्यात तांबूल कुटल्याचा आवाज ऐकायला आवडतो, पण ती आवड कुणाच्या दर्शनाच्या आड येऊ नये.

गेल्या मार्गशीर्षात मी जुनी वाट शोधत एकटाच निघालो. अर्ध्यावर घाणेरीची झुडपं माजली होती, पुढं वाटच कळेना. परत फिरलो आणि उरलेलं अंतर एसटीनं गेलो. दगड रचायचं ते वळण काही सापडलं नाही.

गडाच्या विकासाचे आराखडे जे कोणी करतात, त्यांच्याकडं माझं एवढंच मागणं आहे: लिफ्ट जरूर करा, रस्ताही नीट ठेवा; पण दत्तशिखर ते अनसूया ही पाऊलवाट झुडपं काढून, वळणावळणाला पाट्या लावून चालती ठेवा. त्यात सिमेंट ओतू नका. आणि रचलेले दगड दिसले तर कचरा समजून उचलू नका.