सायकल शर्यत : झुकती बैठक आणि सुरक्षितता

रस्त्यावरील सायकल शर्यतीत हवेचा रोध कमी व्हावा म्हणून शर्यतपटू पाठ आडवी करून, कोपरे अंगालगत आणून व डोके खाली घालून जी बैठक घेतो, तिला झुकती बैठक म्हणता येईल. सपाट रस्त्यावर शर्यतीच्या वेगाने जाताना सायकलस्वाराच्या शक्तीचा सु. ८० ते ९० टक्के भाग केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतो. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रोधाचा मोठा हिस्सा सायकलीमुळे नव्हे, तर स्वाराच्या देहामुळे निर्माण होतो. त्यामुळे सायकलीत सुधारणा करण्यापेक्षा स्वाराने आपली बैठक बदलणे अधिक फलदायी ठरते, ही गोष्ट शर्यतपटूंना फार पूर्वीच उमगली होती. मात्र देह जितका आक्रसावा तितका हँडल, ब्रेक व समोरचा रस्ता यांवरील ताबा ढिला होत जातो. या बैठकीच्या इतिहासात वेग व ताबा यांचा हा झगडा सतत दिसतो.

प्रारंभीच्या काळात नियमकर्त्यांपुढे सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी तयार केलेल्या, उताणे पहुडून चालविण्याच्या सायकलीवर फ्रान्सिस फॉर या शर्यतपटूने ७ जुलै १९३३ रोजी एका तासात ४५·०५५ किमी. अंतर कापले आणि ऑस्कर एग याचा १९१४ पासून अबाधित असलेला ४४·२४७ किमी.चा विक्रम मागे टाकला. फॉर हा पहिल्या श्रेणीचा शर्यतपटू नव्हता. त्यामुळे यशाचे श्रेय स्वाराचे की यंत्राचे, असा वाद माजला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (स्थापना १९००) १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली, की अशा सायकली स्पर्धेबाहेर गेल्या. सायकल ही सायकलच राहावी, हा या निर्णयामागील विचार होता.

हाच विचार पुढे साठ वर्षांनी पुन्हा प्रकट झाला. १९८९ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीच्या अखेरच्या दिवशी अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलाला पुढे लांब दांड्या जोडून, त्यांवर कोपरे टेकून २४·५ किमी. अंतर कापले. पन्नास सेकंदांची पिछाडी भरून काढून त्याने लोराँ फिन्याँवर अवघ्या आठ सेकंदांनी मात केली. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने १९९३ मध्ये हात छातीखाली दुमडून तासाचा विक्रम केला (५१·५९६ किमी.), १९९४ मध्ये संघटनेने ती बैठक निषिद्ध ठरविली. तेव्हा त्याने हात पुढे सरळ ताणलेली दुसरी बैठक शोधून काढली. तिच्या साहाय्याने ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये ५६·३७५ किमी. अंतर गाठले आणि लवकरच तीही बाद झाली. हे विक्रम बंदिस्त धावपट्टीवर, एकट्या स्वाराने केलेले होते. तेथे धोका असलाच, तर तो त्याच्यापुरताच होता.

उघड्या रस्त्यावरील शर्यतीत, विशेषतः घाटाच्या उतारावर, प्रश्नाचे स्वरूप पालटते. तेथे वेग ताशी ८० किमी.च्या पुढे जातो, पायडल मारणे निरर्थक ठरते आणि बैठक हेच गती वाढविण्याचे एकमेव साधन उरते. इटलीचा मार्को पान्तानी सीटच्या मागे सरकून, पोट सीटवर टेकवून उतार उतरत असे. पुढे शर्यतपटू याच्या उलट, सीट सोडून पुढे सांगाड्याच्या आडव्या दांडीवर बसू लागले. आपल्याकडे धाकट्या भावंडाला बसविण्याची जी दांडी, तीच येथे जगज्जेत्यांचे आसन झाली. स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने २०१३ मध्ये फ्लॉरेन्स येथे तेवीस वर्षांखालील गटाचे विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हा या बैठकीचा बोलबाला झाला. ९ जुलै २०१६ रोजी ख्रिस फ्रूमने पिरेनीज पर्वतातील पेरसूर्द खिंडीचा उतार दांडीवर बसून, वर पायडल मारीत उतरून ‘तूर’चा टप्पा व पिवळा अंगरखा दोन्ही जिंकले. ते दृश्य जगभर दूरचित्रवाणीवर दिसले आणि हौशी सायकलपटूंनी त्याचे अनुकरण सुरू केले.

या बैठकीचे दोष यंत्रशास्त्राच्या दृष्टीने उघड आहेत. देहाचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो व मागचे चाक हलके होते. त्यामुळे मागच्या ब्रेकची पकड कमी होते. सीट मांड्यांमध्ये नसल्याने सायकलीला कंबरेने आवरण्याचे साधन जाते. खड्डा किंवा दगड आल्यास नेहमीचा सायकलस्वार सीटवरून उठून गुडघे व कोपरे यांवर धक्का झेलतो. दांडीवर बसलेल्यास ती सोय नसते. हँडलावर नुसते बाहू टेकविण्याच्या पद्धतीत तर हात ब्रेकपासून दूर आणि पकडीवाचून असतात. विशेष म्हणजे, बेर्ट ब्लोकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उतारावरील पंधरा बैठकींचा संगणकीय व वातविवरातील अभ्यास केला, तेव्हा फ्रूमची बैठक सर्वांत वेगवान नसल्याचे आढळले. तिच्याहून वेगवान आणि दोन्ही चाकांवर अधिक सम भार टाकणाऱ्या बैठकीही होत्या.

संघटनेने या दोन्ही पद्धतींवर १ एप्रिल २०२१ पासून बंदी घातली. त्याच महिन्यात लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीत इक्वादोरच्या रिचर्ड कारापाझला दांडीवर बसल्याबद्दल बाद करण्यात आले. बऱ्याच शर्यतपटूंनी बंदीला विरोध केला आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. उतारावरील गाजलेले प्राणघातक अपघात, उदा., फाब्यो कासार्तेल्ली (१९९५), वाउटर वेलांट (२०११), गीनो मेडर (२०२३) यांचे, या बैठकीमुळे घडल्याचे दिसत नाही. रस्त्याची आखणी, कठड्यांचा अभाव व थकवा यांना नियमांनी हात लावला नाही, ही तक्रार म्हणूनच रास्त होती. तथापि शर्यतपटूचे कसब व हौशी पोराचे अनुकरण यांत जे अंतर आहे, त्याचा विचार करता बंदी अनाठायी म्हणता येत नाही. नियमाला वळसा घालण्याची वृत्तीही संपली नाही. मोहोरिचने मार्च २०२२ मध्ये मिलान–सान रेमो शर्यत जिंकली, ती चालता चालता सीट खाली उतरविणारी दांडी बसवून. तिला मनाई नव्हती. त्यानंतर हँडले अरुंद होत गेली, तेव्हा संघटनेने १ जानेवारी २०२६ पासून सामूहिक शर्यतींसाठी त्यांची किमान रुंदी ४०० मिमी. ठरविली.

या वादात एक गोष्ट काहीशी बाजूला पडली : झुकत्या बैठकीतील सर्वांत भीषण अपघातांपैकी काही शर्यतीत घडलेलेच नाहीत. फ्रूम १२ जून २०१९ रोजी शर्यतीच्या मार्गाची पाहणी करीत असता, हँडलावरील हात क्षणभर सोडताच वाऱ्याच्या झोताने पुढचे चाक ढळून भिंतीवर आदळला. कोलंबियाचा एगान बेर्नाल २४ जानेवारी २०२२ रोजी सरावाच्या वेळी, डोके खाली घालून वेगात असताना थांबलेल्या बसच्या मागील भागावर धडकला; त्याचे मांडीचे हाड, मणके व बरगड्या मोडल्या. कोपरे टेकण्याच्या दांड्यांची ही सायकल घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत नियमानुसार वैध असते. तिच्यावर ब्रेक हातापासून दूर असतात आणि दृष्टी पुढच्या चाकापलीकडे फार जात नाही.

महाराष्ट्रातील सायकलपटूंना हाच धोका अधिक लागू पडतो. मुंबई–पुणे ही जुनी शर्यत बोरघाट उतरत नाही, चढते. ‘घाटाचा राजा’ हा मान चढाईसाठी असतो आणि चढावर वेग कमी असल्याने तेथे वाऱ्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाशी झुंज असते. लांब पल्ल्याच्या प्रकारात मात्र कोपरटेकू दांड्या सर्रास वापरतात. अमेरिका पार करणाऱ्या सु. ४,८०० किमी.च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात, तर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने यश मिळविल्यावर या प्रकाराची ओढ जिल्ह्याजिल्ह्यांत वाढली. ही शर्यत रहदारीच्या खुल्या रस्त्यांवर होते आणि तिची तयारीही तशाच रस्त्यांवर करावी लागते.

लातूर–अहमदपूर–नांदेड हा महामार्ग अशा तयारीच्या दृष्टीने मोहक वाटावा असा आहे. बालाघाटच्या पठारावरील मोकळ्या माळरानात वाऱ्याला अडसर नसतो. त्यामुळे समोरून वारा असता पाठ झुकविणे जवळजवळ अपरिहार्य ठरते. परंतु साखर कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे नेमक्या सरावाच्या थंड दिवसांत, या भागातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या धावत असतात व बिघडल्यास कडेलाच थांबतात. पहाटेच्या अंधारात मागील दिव्याविना उभी असलेली ट्रॉली डोके वर असलेल्यालाही उशिरा दिसते. शर्यतीत पंच, दुचाकीस्वार पथक आणि बंद रस्ता यांच्या आधारावर संघटनेचे नियम चालतात. सरावाच्या रस्त्यावर पुढचे पाहणारा दुसरा कोणी नसतो. त्यामुळे अनुभवी प्रशिक्षक कोपरटेकू दांड्यांचा सराव घरातील स्थिर यंत्रावर किंवा निर्मनुष्य रस्त्यावरच करवून घेतात आणि रहदारीत हात ब्रेकवर ठेवण्याचा आग्रह धरतात.