पेटंट : गुपिताच्या मोबदल्यात मुदत

कलकत्त्याच्या उकाड्यात साहेबाच्या डोक्यावरचा पंखा हलता ठेवायला दोरी ओढणारा माणूस लागे. ते काम करणारे यंत्र जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या स्थापत्य अभियंत्याने तयार केले आणि ३ मार्च १८५६ रोजी त्यावर सरकारकडे एकाधिकार मागितला. तसा कायदा होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. सप्टेंबरात त्याने यंत्राचे वर्णन आकृत्यांसह सादर केले. भारतातले पहिले पेटंट ते हेच.

या कायद्याचे मूळ शोधायचे तर इटलीत जावे लागते. १४२१ साली फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने मालवाहू नौकेची नवी रचना केली, पण हक्क मिळाल्याशिवाय ती उघड करायला तो तयार नव्हता. नगरराज्याने त्याला तीन वर्षांची मक्तेदारी दिली. पुढे संगमरवर वाहताना ती नौका आर्नो नदीत बुडाली. व्यवहाराची रीत मात्र तरली. १४७४ मध्ये व्हेनिसने तिला कायद्याचे रूप दिले : नवी युक्ती नोंदवणाऱ्याला दहा वर्षे संरक्षण, नक्कल करणाऱ्याला शंभर डुकाट दंड.

इंग्लंडचे राजे मात्र मीठ, पत्ते अशा रोजच्या वस्तूंचे मक्तेही मर्जीतल्यांना वाटत. १६२४ मध्ये संसदेने ते बंद केले, अपवाद ठेवला तो नव्या शोधाचा, तोही चौदा वर्षांपुरता. शिकाऊ उमेदवारीच्या सात वर्षांची ही दुप्पट, असे मानले जाते.

हीच चौदा वर्षे कलकत्त्याला पोचली. इंग्लंडच्या राणीची संमती घ्यायची राहिली म्हणून १८५६चा कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने आला. स्वतंत्र भारताने १९७०च्या कायद्यात औषधांच्या बाबतीत वेगळी वाट धरली : पेटंट औषध बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, खुद्द औषधावर नाही. म्हणूनच मुंबईची सिप्ला २००१ मध्ये एड्सवरची औषधे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात देऊ करू शकली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधांवरचे पेटंट परत आले. आता मुदत अर्जापासून वीस वर्षे आहे.

मुदत बदलली तरी सौदा तोच आहे. शोध जगासमोर उघड करायचा, बदल्यात काही वर्षे स्पर्धकांना दूर ठेवायचे. मुदत सरली की तो सर्वांचा. त्यामुळे आपले यंत्र प्रदर्शनात मांडण्याआधीच उद्योजकाने अर्ज करावा. आधी बोभाटा झाला तर नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही. काम अपुरे असेल तर तात्पुरते वर्णन देऊन अर्ज करता येतो, संपूर्ण वर्णनासाठी बारा महिने मिळतात. आणि कृती कुणाला सांगायचीच नसेल, तर पेटंटच्या वाटेला जाऊ नये. ती करारांच्या बंदोबस्तात गुपित म्हणून जपावी. मात्र दुसऱ्या कुणी ती स्वतःच्या डोक्याने शोधून काढली, तर त्याला अडवता येणार नाही.