घन इंधनाचा अग्निबाण रेटा कसा निर्माण करतो?

बुकित पंजांग (सिंगापूर) : २२ एप्रिल २०२३ रोजी सिंगापूरच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५५ झेपावले आणि ७४१ किलोग्रॅम वजनाचा ‘टेलिओस-२’ हा सिंगापूरचा उपग्रह कक्षेत पोहोचला. २०११ मधील ‘एक्स-सॅट’पासून या बेटाचे अनेक उपग्रह याच प्रक्षेपकाने नेले आहेत. सुमारे २२८ टनांचा हा डोलारा जमिनीवरून उचलला जातो तो घन इंधनावर.

दिवाळीतला बाण हे याचेच धाकटे रूप. सिंगापुरात १९७२ पासून खाजगी आतषबाजीस बंदी असल्याने इथल्या आपल्या मुलांना तो आजोळीच पाहायला मिळतो. बाण मागच्या हवेला ढकलून पुढे जातो, हा समज मात्र इथे आणि तिथे सारखाच आढळतो. तसे असते तर निर्वात अवकाशात अग्निबाण निरुपयोगी ठरला असता. प्रत्यक्षात बंद नळकांड्यातला तप्त वायू सर्व बाजूंना सारखाच दाब देतो. आडव्या बाजूंचे दाब परस्परांना छेद देतात. पण मागे भोक असल्याने पुढच्या भिंतीवरील दाबाला तोलणारे तितके काही उरत नाही. तोच रेटा. न्यूटनच्या भाषेत, मागे फेकलेल्या वायूच्या संवेगाइतकाच संवेग अग्निबाणाला पुढे मिळतो.

म्हणून दोन गोष्टी महत्त्वाच्या : दर सेकंदाला किती वस्तुमान बाहेर पडते आणि किती वेगाने. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन इंधन जेमतेम ११० सेकंदांत संपते, म्हणजे सेकंदाला सव्वा टन. वेग वाढवण्याचे काम नॉझलचे. त्याच्या अरुंद गळ्यात वायू ध्वनीचा वेग गाठतो आणि पुढच्या रुंदावत्या भागात प्रसरण पावत सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास जातो. कमाल रेटा सुमारे ४८०० किलोन्यूटन.

इंधन दिसते कडक रबरासारखे. त्यात ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेट सर्वाधिक, उष्णता वाढवणारी ॲल्युमिनियमची पूड आणि दोन्हींना बांधणारे एचटीपीबी हे बहुवारिक. या रसायनशास्त्रात पुण्यात जन्मलेल्या डॉ. वसंत गोवारीकरांचा वाटा मोठा. १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ला कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते, त्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक गोवारीकरच होते.

खरी कसब आकारात आहे. इंधनाच्या मधोमध पोकळी ठेवतात आणि ज्वलन आतून बाहेर सरकते. पोकळी साधी गोल असेल तर जळता पृष्ठभाग, आणि त्याबरोबर रेटा, वाढत जातो. चांदणीच्या आकाराची असेल तर तो बराचसा स्थिर ठेवता येतो. रेटा कधी किती, हे असे साच्यातच ठरते. इंधनाला तडा गेला तर जळता पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब भडकतो आणि कवच फुटू शकते. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात या टप्प्याची पोलादी कवचे घडतात. कवच पाच खंडांचे असते, तेव्हा सांधेही तितकेच निर्णायक. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ गमावले ते असा एक सांधा गळल्यामुळेच.

एकदा पेटले की घन इंधन मध्येच विझवून पुन्हा पेटवता येत नाही. म्हणूनच पीएसएलव्हीचा पहिला व तिसरा टप्पा घन असला, तरी उपग्रहाला नेमक्या कक्षेत सोडणारा चौथा टप्पा द्रव इंधनाचा आहे.