रहाड आणि रस्ता : नाशिकच्या एका क्रीडासाधनाचा इतिहास व जुन्याच्या जागी नवे आणण्याचा प्रश्न

१

सार्वजनिक करमणुकीची साधने हा इतिहासलेखनात दीर्घकाळ उपेक्षित राहिलेला विषय होय. देवळे, वाडे, किल्ले व घाट यांची उभारणी, जीर्णोद्धार आणि विध्वंस यांच्या नोंदी शिलालेखांत, सनदांत व दप्तरांत आढळतात. परंतु ज्या पाळण्यात लोक बसले, ज्या हौदात त्यांनी उड्या घेतल्या, त्या साधनांचे पुढे काय झाले हे सहसा कोणी टिपून ठेवीत नाही. ती प्रथम आली तेव्हा गाजावाजा होतो. ती नाहीशी झाली तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या साधनाचा गाजावाजा होतो. जुन्याचा अंत नव्याच्या उद्घाटनाखाली झाकला जातो.

करमणुकीच्या कोणत्याही स्थानाला नावीन्याची गरज भासू लागली की त्यापुढे दोन मार्ग असतात. जुने तसेच ठेवून त्याच्या शेजारी नवे उभारणे हा पहिला, आणि जुने काढून त्याच जागेवर नवे बसविणे हा दुसरा. पहिल्या मार्गाला जमीन लागते व देखभालीचा खर्च वाढत जातो. दुसऱ्याला जमीन लागत नाही. पण पिढ्यांच्या आठवणींचा आधार त्यात तुटतो. या दोन मार्गांखेरीज तिसरा एखादा मार्ग संभवतो काय, हा प्रश्न नाशिकच्या रहाडींच्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो.

२

प्रथम या प्रश्नाचे आधुनिक स्वरूप पाहणे इष्ट होईल. यांत्रिक खेळांची, म्हणजे ज्यांना आता सर्रास ‘राइड’ म्हटले जाते त्यांची, स्थायी उद्याने युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून दिसू लागतात. कोपनहेगनचे टिवोली उद्यान १८४३ साली सुरू झाले. तेथील १९१४ ची लाकडी घसरगाडी अद्याप चालते, व तिच्यावर गतिरोध लावणारा माणूस आजही गाडीबरोबर बसतो. व्हिएन्नाचा प्रचंड रहाटपाळणा १८९७ चा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तो जळाला. १९४७ मध्ये तो पुन्हा फिरू लागला तेव्हा त्याच्या तीस डब्यांपैकी पंधराच परत बसविण्यात आले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील १९२७ ची ‘सायक्लोन’ ही घसरगाडी १९८८ मध्ये शहराने संरक्षित वास्तू म्हणून घोषित केली. तिन्ही ठिकाणी साधन टिकले, ते केवळ जुने होते म्हणून नव्हे. त्या त्या शहराने ते आपल्या ओळखीचा भाग मानले म्हणून.

याच्या उलट उदाहरणे अधिक आहेत. फ्लॉरिडातील डिस्नेच्या उद्यानात पाणबुडीची सफर १९९४ मध्ये बंद झाली. १९९८ मध्ये ‘मिस्टर टोड’ची सफर बंद करण्याचे ठरले तेव्हा प्रेक्षकांनी तेथे जमून निषेध केला, तरी ती बंद झाली व दुसऱ्या वर्षी त्याच इमारतीत दुसऱ्या कथेची राइड सुरू झाली. तेथील नॉर्वे विभागातील जलसफर २०१४ मध्ये बंद होऊन २०१६ मध्ये नव्या चित्रपटाच्या कथेसह पुन्हा उघडली. परंतु नावांचा जलमार्ग बराचसा जुनाच राहिला. ‘स्प्लॅश माउंटन’चेही तसेच झाले. २०२३ मध्ये ती बंद झाली, २०२४ मध्ये नवे नाव व नवे देखावे घेऊन आली, पण पाण्याचा पाट आणि त्याचा उतार कायम राहिला.

या उदाहरणांवरून बदलाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एकात सांगाडा राहतो व वेष बदलतो. दुसऱ्यात सांगाडाच जातो. पहिल्यात जुन्या प्रेक्षकाला निदान आपल्या शरीराने अनुभवलेला उतार तरी परत मिळतो. दुसऱ्यात त्याच्यापाशी केवळ स्मरण उरते.

भारतातील स्थायी उद्यानांचा इतिहास अल्पकाळाचा आहे, आणि त्यात जमिनीचा प्रश्न अधिक उघडपणे समोर येतो. दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झाले व २००८ मध्ये बंद झाले. राजधानीच्या मध्यभागी असलेली ती जमीन न्यायालयाच्या विस्तारासाठी व मेट्रोसाठी हवी होती. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये उघडलेल्या एस्सेलवर्ल्डच्या राइड २०२२ मध्ये थांबल्या. तेथे एका राइडच्या जागी दुसरी येण्याचा प्रश्नच उरला नाही. जमिनीचे मोल वाढले की तिच्यावर बारमाही बसलेला खेळ सर्वांत आधी अनावश्यक ठरतो, हे अप्पूघराच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

३

नाशिकमध्ये करमणुकीच्या साधनांचे तीन प्रकार आढळतात. पहिला जत्रेतील फिरत्या साधनांचा. ग्रामदेवता कालिकेच्या नवरात्रातील यात्रेत रहाटपाळणे उभे राहतात, आणि यात्रा उठली की ते सुटे करून दुसऱ्या गावी नेले जातात. हाताने फिरविण्याच्या लाकडी पाळण्यांच्या जागी विजेवर चालणारे लोखंडी पाळणे आले. परंतु या बदलाबद्दल कोणी हळहळले नाही. ज्या साधनाचा जागेशी संबंध दहा दिवसांचा, त्याच्या बदलाने जागेचे स्मरण ढळत नाही.

दुसरा प्रकार स्थायी उद्यानांचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने उभारलेले दादासाहेब फाळके स्मारक हे त्याचे ठळक उदाहरण होय. फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाला, आणि १९४४ मध्ये त्यांचे निधन नाशकातच झाले. त्यांच्या नावाच्या या विस्तीर्ण स्मारकात कारंजी, उद्यान व जलक्रीडेची सोय करण्यात आली. कालांतराने त्यास अवकळा आली, व त्याच्या पुनरुज्जीवनाच्या योजना पुनःपुन्हा पुढे आल्या. बारमाही उभ्या असलेल्या साधनाला बारमाही खर्च लागतो. तो खर्च आटला की आधी साधन मोडकळीस येते, आणि मग त्याच्या जागी काय आणावे याची चर्चा सुरू होते.

तिसरा प्रकार रहाडींचा. तो या दोहोंत बसत नाही.

४

रहाड म्हणजे जमिनीत खोदून दगडाने बांधून काढलेला चौरस हौद. तिची खोली सामान्यतः पुरुषभर वा त्याहून अधिक असते. नाशिकमध्ये रंग खेळला जातो तो मुख्यतः फाल्गुन वद्य पंचमीस, म्हणजे रंगपंचमीच्या दिवशी. आणि रहाडही त्याच दिवसापुरती असते. वर्षाचे उरलेले दिवस तिच्यावर जाड लाकडी ओंडके व फळ्या टाकलेल्या असतात, त्यांवर माती पसरलेली असते, आणि त्या मातीवरून माणसे, हातगाड्या व वाहने ये-जा करीत असतात. परका मनुष्य त्या चौकातून शंभरदा गेला तरी आपण हौदावरून चाललो आहोत याची त्याला कल्पना येणार नाही.

रंगपंचमी जवळ आली की माती उकरून ओंडके काढले जातात, आतला गाळ उपसला जातो, हौद धुऊन पाण्याने भरला जातो. रंग मोठ्या कढयांत उकळून तयार करण्याची पद्धत आहे. पूर्वी तो फुलांपासून केला जाई, आणि ती चाल काही ठिकाणी अद्याप पाळली जाते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो : एकीचा गुलाबी, दुसरीचा केशरी, तिसरीचा पिवळा. पूजा झाल्यावर मानकरी प्रथम रहाडीत उतरतात व मग इतरांना वाट मोकळी होते. काठावरून अंग झोकून देऊन पाणी चहूकडे उडविणाऱ्या उडीस ‘धप्पा’ म्हणतात. पंचवटीतील शनी चौक आणि जुन्या नाशकातील तिवंधा, दिल्ली दरवाजा व जुनी तांबट लेन येथील रहाडी विशेष प्रसिद्ध आहेत.

या रहाडी पेशवेकालीन असल्याचे परंपरा सांगते, आणि तालमींतील मल्लांशी त्यांचा संबंध जोडते. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने नाशिकची वस्ती, वाडे व देवळे यांत मोठी भर पडली. पेशव्यांचा सरकारवाडा याच काळाची साक्ष देतो. रहाडींची स्थाने जुन्या वस्तीच्या चौकांत आहेत, ही गोष्टही परंपरेशी सुसंगत आहे. एकेकाळी त्यांची संख्या आजच्या कितीतरी पट होती, हेही वृद्धांच्या सांगण्यात सातत्याने येते.

५

मग उरलेल्या रहाडी गेल्या कोठे? येथे आधुनिक उद्यानांशी असलेला भेद स्पष्ट होतो. जुन्या रहाडीच्या जागी नवी रहाड आली, असे घडले नाही. तिच्या जागी रस्ता आला. १९०१ मध्ये सुमारे २१,००० वस्तीचे हे गाव २०११ च्या जनगणनेत १४,८६,०५३ लोकसंख्येचे महानगर झाले. नगरपालिका १८६४ मध्ये, महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. वाढत्या वस्तीबरोबर नळ, गटारे, डांबर व काँक्रीट ही क्रमाने आली. रहाड बुजवावी असा ठराव करण्याची गरजच नव्हती. एखाद्या वर्षी ती उघडली गेली नाही, पुढच्या वर्षी तिच्यावरचा रस्ता पक्का झाला, आणि तिसऱ्या वर्षी तो फोडण्यास कोणी पुढे आले नाही, एवढे पुरेसे होते. दरम्यान रंगपंचमीच्या करमणुकीसाठी कृत्रिम पावसाखाली नाचण्याचे कार्यक्रम व जलउद्याने उपलब्ध झाली. जुने गेले एका जागी, नवे आले दुसऱ्या जागी. म्हणून या बदलाला बदल असे कोणी म्हटले नाही.

परंतु ज्या रहाडी टिकल्या त्या का टिकल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याची तीन कारणे सांगता येतात. पहिले कारण रचनेचे. रहाड वर्षभर आपली जागा सोडून देते. तिच्यावरून रहदारी चालते, दुकाने मांडली जातात. जमिनीवर तिचा हक्क एका दिवसाचा, आणि म्हणूनच तिला हटविण्याची निकड उत्पन्न होत नाही. दुसरे कारण यंत्राच्या अभावाचे. दगड, लाकूड, माती व पाणी यांखेरीज तिला काही लागत नाही. सुटा भाग मिळेना म्हणून राइड बंद पडते, तशी रहाड पडत नाही. तिसरे कारण मनुष्यांचे. मानकरी घराणी व त्या त्या चौकातील तरुण हीच तिची देखभाल करणारी यंत्रणा. दरवर्षी ओंडके उचलावे लागतात, म्हणजे दरवर्षी कुजलेला ओंडका सापडतो, ढासळलेला दगड दिसतो, आणि हे काम कसे करावयाचे ते पुढच्या पिढीला हाताने शिकता येते. रहाड उघडणे हीच तिची दुरुस्ती होय.

कोविडच्या साथीत रहाडी मिटलेल्या राहिल्या; साथ ओसरल्यावर त्या पुन्हा उघडल्या. अलीकडे बंद पडलेल्या रहाडी शोधून उघडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अप्पूघराच्या बाबतीत असे काही कल्पिताही येणार नाही. बुजलेला दगडी हौद मातीखाली शाबूत राहू शकतो. मोडलेल्या लोखंडाचे भंगार होते.

६

या विवेचनावरून रहाड ही निर्दोष संस्था आहे असा निष्कर्ष काढू नये. रहाडीतील उडी बव्हंशी पुरुषांची राहिली आहे. अरुंद चौकातील गर्दीत दुखापतीचा संभव असतो, आणि टंचाईच्या वर्षी हौदभर पाण्याचा प्रश्न न्याय्यपणे विचारला जातो. फुलांच्या रंगाऐवजी रासायनिक रंग वापरला गेला तर कातडीला अपाय होतो तो वेगळाच. जुने म्हणून ते जसेच्या तसे ठेवावे, हा आग्रह येथेही टिकणारा नाही. पण हे सर्व दोष वेषाचे आहेत, सांगाड्याचे नव्हेत. वेळा वाटून देता येतात, पाणी बेताने वापरता येते, रंग बदलता येतो. त्यासाठी हौद बुजवावा लागत नाही.

तेव्हा जुने काढून नवे आणावे की जुन्याशेजारी नवे उभारावे, या वादाला नाशिकने दिलेले उत्तर असे मांडता येईल : जे साधन उरलेल्या वर्षभर दुसऱ्या उपयोगाला वाट देते, त्याला जागेसाठी झगडावे लागत नाही. मात्र या उत्तरात एक धोकाही आहे. अदृश्यता ही रहाडीची ढाल, आणि तिच्या नाशाचे कारणही तीच. जी वस्तू दिसत नाही ती नकळत खणली जाते.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची व मलवाहिन्यांची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. अशा प्रत्येक खोदकामापूर्वी चौकातील वृद्धांना विचारून चालू व बंद रहाडींची स्थाने, मापे, रंग व मानकऱ्यांची परंपरा नकाशावर उतरविणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे निकडीचे काम होय. दप्तरात जे नाही ते अद्याप काही माणसांच्या स्मरणात आहे. ती माणसे वृद्ध आहेत, आणि एकदा ओतलेले काँक्रीट सहसा कोणी फोडीत नाही.