कलकत्त्याच्या लोरेटो भगिनी

कन्याशिक्षणाचा आरंभ म्हटला की आम्हां मराठी शिक्षकांना पुण्याचा भिडेवाडा व १८४८ हे साल आठवते. त्याच्या सहा वर्षे आधी कलकत्त्यात ‘लोरेटो हाउस’ ही शाळा उघडली होती. डब्लिननजीकच्या रॅथफार्नम मठातील संन्यासिनी मदर डेल्फिन हार्ट यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १८४१ मध्ये कलकत्त्यास उतरल्या आणि जानेवारी १८४२ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली.

तथापि या दोन आरंभांत मोठे अंतर आहे. लोरेटोच्या पहिल्या विद्यार्थिनी प्रामुख्याने युरोपियन व अँग्लो-इंडियन घरांतल्या होत्या. सावित्रीबाईंनी शिकविले ते ज्यांना कोणीच शिकवीत नव्हते अशा मुलींना. म्हणून केवळ साल पाहून अग्रमान देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पुढे लोरेटोच्या शाळा वाढल्या. दार्जिलिंगची १८४६ मध्ये, सियालदहची १८५७ मध्ये निघाली. एंटालीच्या आवारातील बंगाली माध्यमाच्या सेंट मेरीज शाळेत मदर तेरेसा १९३१ पासून शिकवीत व १९४४ मध्ये तेथेच मुख्याध्यापिका झाल्या. सियालदहला तर १९७९ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या सिस्टर सिरिल मूनी यांनी गरीब मुलींची संख्या क्रमाक्रमाने निम्म्यावर नेली आणि रस्त्यावरच्या मुलांना शिकविण्याचे काम शाळेतल्याच मुलींकडे सोपविले.

जे पुण्यात पहिल्याच दिवशी घडले, ते येथे घडावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पण घडले, हे महत्त्वाचे. शाळेचा शतसांवत्सरिक उत्सव करताना आम्ही मुख्याध्यापक इमारती मोजतो. त्याच दिवशी जनरल रजिस्टरही उघडावे आणि त्यात कोणाची नावे नाहीत ते पाहावे.