मोरचूद आणि चुना

तळकोकणात पोफळीच्या रोगाला कोळेरोग म्हणतात. शब्द कानडी, कोळे म्हणजे कुजणं. घाटापलीकडं मलनाडातही रोग तोच नि नावही तेच. भर पावसात हिरव्या सुपारीच्या देठाकडं पाण्यानं भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग पडतो. तो पसरतो, वर पांढरी बुरशी धरते आणि सुपारी गळते. वर्षाचा पैसा मातीत जातो. रोग शेंड्यात शिरला तर झाडच जातं, आणि नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात.

यावरचं औषध मात्र सुपारीसाठी शोधलेलं नव्हतं. ते आलं फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून. 1878 च्या सुमारास तिकडं अमेरिकेतून एक रोग शिरला. आपले द्राक्षवाले त्याला डावणी म्हणतात. 1882 साली बोर्दोचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातून जाताना बघतात तो काय, मळ्यातली पानं गळालेली, पण रस्त्याकडच्या ओळी हिरव्या! विचारल्यावर कळलं, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथं मोरचूद नि चुना कालवून मारलं होतं. द्राक्षं विषारी दिसावीत एवढाच त्यामागचा हेतू. मिलार्देंनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती जाहीर केली. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनडाच्या शास्त्रज्ञानं कोळेरोगाचा अभ्यास केला. तिथले बागायतदार तोवर पावसाआधी घडांवर झाकणं बांधत. 1910 साली कोलमनचं पुस्तक निघालं आणि घडांवर बोर्डो मारायची पद्धत रुजत गेली.

कृती साधी आहे. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचं, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरात. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळत राहायचं. मग स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी मिरगाच्या पावसाआधी, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून. गळालेली सुपारी वेचून आगराबाहेर नेऊन जाळायची.

खरी अडचण औषधाची नाही, वेळेची आहे. पोफळीवर चढणारे गडी आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. त्यांची वाट बघण्यात मिरीग उलटतो, खोडं निसरडी होतात, मग माणूस चढवायचा तो जिवावर उदार होऊन. आणि बोर्डो हे कुजलेली सुपारी बरी करणारं औषध नव्हे, ते कवच आहे. रोग येण्याआधी अंगावर असेल तरच उपयोगाचं. मेदोकच्या त्या ओळी वाचल्या, कारण रोग यायच्या आधीच त्यांच्यावर मोरचूद पडलं होतं, मग ते चोराच्या भीतीनं का असेना.